नऊ तासांची दुरुस्ती

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

टाक घराण्याची वेबसाइट आजपासून माझ्याकडे. चार वर्षं ती सांग-गू सांभाळायचा. तो डेगू सोडून सोलकडे मोठ्या कंपनीत गेला. जाताना मिक्स कॉफीचा अख्खा खोका घेऊन गेला आणि कोड मागे ठेवला. उलट करायला हवं होतं.

काम साधं आहे. आन्दोंगजवळच्या एका खेड्यात या घराण्याचं थोरलं घर आहे. एकशे चाळीस पूर्वज, प्रत्येकाची श्राद्धतिथी चांद्र महिन्याप्रमाणे. यंदा ती तिथी कोणत्या तारखेला येते, ते साइटवर दाखवायचं. डेटाबेसमध्ये तारीख एका पद्धतीने पडलेली असते, माणसांना दुसऱ्या पद्धतीने दाखवावी लागते. वीस वर्षं मी हेच करते आहे. मला झोपेत जमेल.

प्यो साहेब म्हणाले, "बांगबाई, म्हातारी मंडळी आहेत. चालतंय ते चालू द्या. हात लावू नका." मी हो म्हणाले. साहेबांना हो म्हणायचं असतं.

संकल्प: कोड तपासणारी टेस्ट लिहिल्याशिवाय एकही ओळ बदलायची नाही. पाचनंतर कॉफी नाही. योन-जूने कितीही डिवचलं तरी शांत राहायचं. (योन-जू आमची डिझायनर. समोरच्या टेबलावर बसते आणि माझ्याकडे बघत किम्बाप खाते.)

संध्या. ७. कॉफी घेतली. ही पाचच्या आधीची राहिलेली होती.

५ सप्टेंबर, गुरुवार

साइटच्या खाली संपर्कासाठी सांग-गूचा नंबर होता, तिथे माझा घातला. दहा मिनिटांत पहिला फोन. उल्सानहून टाक गी-हो आजोबा. वय अठ्ठ्याऐंशी.

म्हणाले, "बाई, तुमच्या साइटवर माझे खापरपणजोबा १ जानेवारी १९७०ला वारले असं दिसतंय. मी त्या साली इथल्याच कारखान्यात कामाला होतो. ते आजूबाजूला असते तर भेटायला आले असते हो."

ज्याची तारीख माहीत नाही, त्याला कॉम्प्युटर स्वतःच्या हिशेबाने १९७०मध्ये मारतो. सांग-गूने हे तपासलंच नव्हतं. पाच मिनिटांत दुरुस्त केलं. तारीख नसेल तिथे आता 'तिथी अज्ञात' दिसतं. टेस्ट लिहिली नाही, कारण ही आणीबाणी होती.

आजोबांनी परत फोन केला. "वारले एकदाचे बरोबर. आभारी आहे, पोरी."

पोरी! शेचाळिसाव्या वर्षी. योन-जू म्हणाली, "ताई, हसू नका, कॉफी स्क्रीनवर पडेल."

११ सप्टेंबर, बुधवार

गी-हो आजोबांचा आज तिसरा फोन. अक्षरं मोठी करून हवी होती. केली. मग अर्धा तास बोलत बसले. मी कामात होते, तरी ऐकलं. साइट वापरणारा माणूस नेमका काय विचार करतो, ते कळणं महत्त्वाचं असतं.

नवव्या चांद्र महिन्याच्या विसाव्या तिथीला घराण्याच्या मूळ पुरुषाचं श्राद्ध असतं. साडेचारशे वर्षं चालू आहे. तिथे तीन पेले वाहतात. पहिला थोरल्या घरचा मुलगा वाहतो, तो मान कायमचा. दुसरा पेला अकरा शाखांकडे पाळीपाळीने जातो. यंदा आजोबांच्या शाखेची पाळी आहे आणि शाखेत सगळ्यांत वडील तेच.

"मागच्या पाळीला थोरले बंधू होते," म्हणाले. "मी मागे उभा राहून त्यांच्या झग्याची चुणी सरळ करत होतो. तेव्हाच मनात म्हटलं, पुढच्या वेळी आपण."

झगा इस्त्रीला दिलाय. गुडघे वाकावेत म्हणून रोज सकाळी दहा उठाबशा काढतात. यंदा साइटवर 'दुसरा पेला' अशा नावाचा वेगळा रकाना घालते, त्यात तुमचं नाव आणि वय दोन्ही येईल, असं मी कबूल करून टाकलं. साहेबांना विचारायचं राहिलं. छोटी गोष्ट आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सणाची सुट्टी. इंचॉनला दादाकडे. वहिनीने विचारलं, "वन्सं, अजून त्याच ऑफिसात?" मी सांगितलं, आता माझ्याकडे साडेचारशे वर्षांचा प्रोजेक्ट आहे. ती म्हणाली, "मग संपायला वेळ लागेल."

बाबांच्या श्राद्धाचं ठरलं. तिथीच्याच दिवशी, संध्याकाळी आठला. पूर्वी आमच्याकडेही काहीतरी अवेळी असायचं, मला आठवतं ते फक्त पेंगणं. दादाने ते सोपं करून टाकलं. आठला सुरू, नऊला जेवण, दहाची गाडी. बाबाही शिस्तीचेच होते. त्यांना पटलं असतं.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११.२०

सापडलं!

साइटवरच्या सगळ्या, अगदी सगळ्या, तारखा एक दिवस मागे दिसतात. मूळ पुरुषाची तिथी यंदा २२ ऑक्टोबरला येते. डेटाबेसमध्येही २२च आहे. साइट दाखवते २१!

कारण पोरखेळ आहे. सर्व्हर लंडनच्या घड्याळावर, म्हणजे ग्रिनिच वेळेवर, चालतो. आपल्याकडे २२ तारखेचे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा तिकडे २१च्या दुपारचे तीन वाजलेले असतात. नऊ तासांचा फरक. ते नऊ तास सांग-गूने मिळवलेच नाहीत. चार वर्षं.

चार वर्षं या भोळ्या म्हाताऱ्या माणसांना चुकीची तारीख दाखवली गेली आणि एकानेही तक्रार केली नाही. भिडस्त लोक. मला त्यांच्या वतीने इतका विश्वासघात झाल्यासारखं वाटलं, की दुपारी भात गेला नाही. नूडल्स खाल्ल्या.

त्या ओळीच्या वर सांग-गूने कोडमध्ये एक टीप लिहून ठेवली आहे: 'इथे हात लावू नये. मंडळींना असंच लागतं.' आळशी माणूस आपला आळस कसा झाकतो, त्याचा नमुना.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्त केलं. एक ओळ. टेस्ट लिहायची होती, पण एका ओळीची टेस्ट तीस ओळींची होते, त्याला काही अर्थ नाही. सांग-गूची टीप पुसली.

आता २२ दिसतं. बराच वेळ नुसतं बघत बसले. बरोबर असलेली गोष्ट बघताना डोळे शांत होतात.

योन-जूने विचारलं, "त्यांना कळवलं का?" मी म्हटलं, काय कळवायचं, की चार वर्षं आम्ही चुकत होतो? चूक गुपचूप सुधारणं हीच सभ्यता. ती म्हणाली, "ताई, चार वर्षं चुकीच्या दिवशी श्राद्धाला गेलेला एक तरी माणूस ओरडला असता ना?"

हिला लोकांच्या भिडेबद्दल काही कळत नाही. तिशी ओलांडायची आहे अजून.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

घराण्याच्या मंडळाचे अध्यक्ष ऑफिसात आले. भाषण केल्यासारखे बोलतात. दरवर्षी ते दूर राहणाऱ्या मंडळींना श्राद्धाचं पत्र टाकतात, त्याचा मसुदा साहेबांना दाखवायला आणला होता. मी म्हटलं, पत्र कशाला? साइट आहे. साइट कधी चुकत नाही, पोस्टात पत्र हरवतं.

अध्यक्ष म्हणाले, "सोलची आणि डेगूची मंडळी बसने येतात, त्यांना फोनवरच कळतं. पण काही एकटे-दुकटे..."

मी म्हटलं, ते साइट बघतात. आकडे दाखवले: या महिन्यात तीनशे चाळीस वेळा साइट उघडली गेली. अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. "तीनशे चाळीस? बघा, आणि आम्हाला वाटायचं कोणी बघत नाही." पत्र रद्द.

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी माझ्यासाठी स्वतः कॉफी केली. ४.५५ वाजले होते. नियमात बसली.

२ ऑक्टोबर, बुधवार

अध्यक्षांची नवी फर्माईश. प्रत्येक तारीख पाच तऱ्हांनी हवी: चांद्र तिथी, इंग्रजी तारीख, वार, बारा प्राण्यांच्या चक्रातलं वर्ष, आणि दांगुन राजापासून मोजलेला जुना सन. जुना सन सोपा असतो. इंग्रजी सालात २३३३ मिळवायचे.

पाचही तऱ्हा करणारं एकच फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं 'सर्वतारीख'. सुंदर झालंय. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. योन-जू फोनवर होती.

दुपारी ३. गी-हो आजोबांचा फोन. "पोरी, श्राद्ध ६६९० साली आहे असं दिसतंय. तोवर झग्याला कसर लागेल."

२३३३ दोन ठिकाणी मिळवले जात होते. दोन तास साइट पूर्ण घराण्याला तेवीसशे वर्षांनंतरच्या श्राद्धाचं आमंत्रण देत होती. काढलं. यात माझा दोष अर्धाच, कारण दुसऱ्या ठिकाणी सांग-गूने आधीच मिळवून ठेवले होते. त्याने सांगायला नको?

संकल्प: उद्यापासून टेस्ट.

८ ऑक्टोबर, मंगळवार

थोरल्या घरच्या सूनबाई, ग्वाक वहिनी, यांचा फोन. साठीच्या आहेत, अख्ख्या श्राद्धाचा स्वयंपाक त्यांच्यावर. आवाज असा, की आपणच काहीतरी सांडलंय असं वाटतं.

"साइटवर तारीख बदलली का हो?"

मी सांगितलं, बदलली नाही वहिनी, दुरुस्त केली.

"आम्ही तर एकवीसला भात चढवतो."

साहजिक आहे, मी म्हटलं. एवढा मोठा स्वयंपाक आदल्या दिवसापासूनच लागत असणार.

एक झाकण खणकलं. मग, "तसं नाही... बरं. तुम्ही शिकलेल्या. आम्हाला काही साइट बघून करायचं नसतं," आणि ठेवला. पलीकडे काहीतरी उतू जात होतं बहुतेक.

तंत्रज्ञानाबद्दल बायकांच्या मनात अजून अढी आहे. वाईट वाटलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आजोबा आज जरा घुटमळत बोलत होते. आधी हवामान. मग गुडघे. मग, "पोरी, बावीसच ना?"

म्हटलं, बावीस.

"गेल्या साली साइट जे म्हणाली, त्या दिवशी गेलो होतो. त्याच्या आधल्या सालीही. तर यंदाही साइट म्हणते त्याच दिवशी. बावीस."

म्हटलं, आजोबा, साइटवर दिसतं तेच खरं. आता पंचांग बघू नका, कोणाला विचारू नका. मी आहे ना.

"झालं तर मग. पूर्वी बोटांवर मोजायचो. आता तू आहेस."

फोन ठेवल्यावर बराच वेळ छान वाटत होतं. वीस वर्षांत मला कोणी असं म्हटलेलं नाही. दादाने नाही, साहेबांनी नाही. ज्याच्याशी लग्न होता होता राहिलं, त्यानेही नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आजोबा आजपासून सोवळ्यात. पेला वाहणाऱ्याने तीन दिवस मांस-मद्य घ्यायचं नाही, वायफळ बोलायचं नाही. ते चार दिवस पाळणार आहेत, एक पदरचा. फोनही बंद ठेवणार. "तू सोडून माझ्याशी वायफळ कोण बोलतं?" म्हणाले, आणि हसले.

'दुसरा पेला' रकाना साइटवर चढवला. 'टाक गी-हो, वय ८८.' मोठ्या अक्षरांत. साहेबांनी विचारलं, हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, वापरणाऱ्यांची मागणी होती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शांत दिवस. उद्या श्राद्ध. साइट तीनदा तपासली, पाचही तऱ्हा बरोबर.

संध्याकाळी योन-जूबरोबर गुकबाप खायला गेले. फोन पर्समध्ये. परत येऊन बघते तर अध्यक्षांचे चार आणि ग्वाक वहिनींचे तीन मिस्ड कॉल. बहुधा उद्याच्या आधी आभार मानायचे असतील. सकाळी करीन. आभाराचे फोन लगेच उचलले, तर आपण वाटच बघत होतो असं दिसतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. दु. ४.१०

आजोबांचा फोन. आन्दोंगहून. थोरल्या घराच्या अंगणातून.

"पोरी, इथे कोणी नाही. चटया गुंडाळून ठेवल्यात. मी लवकर आलो का?"

मी म्हटलं, हो आजोबा, लवकर आलात. थांबा जरा, येतीलच सगळे.

तोच दिवस, ५.३०

ग्वाक वहिनींचा फोन. पाहुण्यांना बस स्टँडवर सोडून घरी आल्या, तर ओसरीवर आजोबा. झगा घालून, घोड्याच्या केसांची टोपी बांधून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले.

श्राद्ध काल झालं.

वहिनी आज ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. शाळेत शिकवल्यासारखं सावकाश सांगितलं. तिथी लागते रात्री. लागली रे लागली की पहिला घास पूर्वजांचा, म्हणून विधी त्याच घटकेला. त्यासाठी लोक आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत येतात. साडेचारशे वर्षं येतात. "विसावी तिथी म्हणजे एकोणिसाव्या दिवशी यायचं, हे आमच्याकडे चार वर्षांच्या मुलाला ठाऊक असतं. साइटवर ती आदलीच तारीख असायची. आम्हाला वाटायचं, त्या मुलाने समजून-उमजून घातलीये."

रात्री अकरापर्यंत आजोबांची वाट बघितली म्हणे. फोन बंद. शेवटी त्यांच्याच शाखेतल्या पुतण्याने दुसरा पेला वाहिला. तिथी थांबत नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मला फसवण्यात आलं आहे.

फसवणारे: सर्व्हर, जो कोरियात बसून लंडनचं घड्याळ लावतो. सांग-गू, ज्याने 'मंडळींना असंच लागतं' लिहिलं, का लागतं ते लिहिलं नाही. अध्यक्ष, ज्यांनी माझं ऐकून पत्र रद्द केलं. माझं कोण ऐकतं कधी? तेव्हाच बरं ऐकलं! ग्वाक वहिनी, ज्या "तसं नाही..." म्हणून थांबल्या. वाक्य पूर्ण करायला काय जात होतं? दादा, ज्याने बाबांचं श्राद्ध आठ वाजता आणून ठेवलं. आणि योन-जू, जी आधीच बरोबर बोलली होती. बरोबर बोलून मग गप्प बसणं हा सगळ्यांत मोठा दगा.

कोड पुन्हा वाचला. एकही चूक नाही. तारीख बावीसच आहे. कोणालाही विचारा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "मी काय सांगितलं होतं? हात लावू नका." मी म्हटलं, साहेब, चुकीचं होतं ते. ते म्हणाले, "चालत होतं ते."

सांग-गूची ती जुनी ओळ परत चढवायचा हुकूम. योन-जूने चढवली, मी कॉफी करायला गेले होते म्हणून. पाच वाजून गेले होते. आता साइटवर परत एक दिवस मागची तारीख. सगळे खूश. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने या देशात काय करावं?

तेव्हा योन-जूने आकड्यांचा तक्ता उघडला. तो मी अध्यक्षांना दाखवला होता, पण स्वतः नीट उघडला नव्हता. तीनशे चाळीस भेटी. त्यातल्या तीनशे अकरा उल्सानमधल्या एकाच फोनवरून.

"बाकीच्या एकोणतीस तुमच्या आहेत ताई," ती म्हणाली. या वेळी चिडवत नव्हती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

अध्यक्षांचा फोन साहेबांना, साहेबांचा निरोप मला. मंडळाच्या बैठकीत गी-हो आजोबा भांडले. काठी आपटून. तारीख तीच बरोबर होती म्हणाले, पोरीने मोजली आहे, तुम्ही सगळे एक दिवस आधी गेलात. मंडळाने माफी मागावी. लोक हसले. एक जण म्हणाला, वय झालं आता. आजोबा उठून निघून गेले आणि वर्गणीदारांच्या यादीतून नाव काढायला सांगितलं.

अखेर कोणीतरी म्हणालं की मी बरोबर होते.

हे वाक्य लिहून अर्धा तास झाला. पुढचं सुचत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज उल्सानला जाऊन सगळं समजावून सांगणार होते. पाऊस. शिवाय शनिवारी गाड्या भरलेल्या असतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला अचानक भेटायला जाणं बरं दिसत नाही, आधी पत्र लिहावं. पत्र लिहायला बसले. 'आदरणीय आजोबा, सर्व्हर लंडनच्या घड्याळावर चालत असल्याने' इथपर्यंत झालं. फाडलं. दुसरं: 'आदरणीय आजोबा, तांत्रिक कारणाने'. तेही.

कपाट आवरलं.

९ नोव्हेंबर, शनिवार. उल्सानहून परतताना, बसमध्ये

गेले.

आजोबांचं दोन खोल्यांचं घर, चौथा मजला. भिंतीला खुंटी, खुंटीला झगा, वरून धोब्याचं प्लास्टिक. त्यांनी पिकलेली पर्सिमॉन्स पुढे ठेवली आणि चमचा धुऊन आणला. "खा आधी. डेगूला अशी मिळत नाहीत." मिळतात. खाल्ली.

मग मी सांगितलं. सगळं. कागदावर दोन घड्याळं काढली, एक आपलं, एक लंडनचं. नऊ तास. सांग-गूची ओळ. माझी ओळ. पुसलेली टीप. रद्द केलेलं पत्र. वहिनींचा फोन. सांगताना मला वाटत होतं, मध्ये कुठेतरी माझ्या बाजूचंही काही निघेल. नाही निघालं.

आजोबा कागद दूर धरून बघत होते. "म्हणजे बावीस तारीख खरी होती ना?"

म्हटलं, तारीख खरी होती. दिवस चुकला. चूक माझी. तुम्ही त्यांच्याशी भांडू नका.

बराच वेळ ते सालं गोळा करत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं ग. सत्तर वर्षं आदल्या दिवशी जातोय मी. बोटांवर मोजलंसुद्धा, एकवीसच येत होतं. म्हणून तर तुला विचारलं. तू म्हणालीस बावीस. मी म्हटलं, आपली बोटं म्हातारी झाली, पोरगी शिकलेली आहे."

मी चमचा धुऊन ठेवला. बोलण्यासारखं काही उरलं असतं, तर ते मी आधीच बोलले असते. माझी सवय आहे ती.

"मंडळाला फोन करतो," ते म्हणाले. "माझं डोकं फिरलं होतं म्हणून सांगतो. म्हाताऱ्याला माफ करतात." मी म्हटलं, नको, मी करते. म्हणाले, "तू कर. मीही करतो. दोघं मिळून करू."

निघताना म्हणाले, "पुढची पाळी कधी, ते तेवढं बघून दे."

मी मोबाइल काढला. सर्वतारीख फंक्शन अजून साइटवर आहे, ते कोणी काढलं नाही; ते सांग-गूची ओळ न वापरता खरी तारीख देतं. अकरा शाखा, म्हणजे अकरा वर्षांनी; साल घातलं, २०३५. लगेच आलं. नवव्या महिन्याची वीस. २० ऑक्टोबर. शनिवार. सशाचं वर्ष. जुना सन ४३६८. पाचही ठिकाणी बरोबर. त्याच्या खाली, मीच घातलेल्या रकान्यात, मोठ्या अक्षरांत, आपोआप: 'टाक गी-हो, वय ९९.'

मी अंगठ्याने ती ओळ झाकली आणि तारीख वाचून दाखवली. आदल्या दिवसाची. एकोणीस ऑक्टोबर.

आजोबांनी औषधाचं रिकामं पाकीट उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि लिहून घेतलं. "वार?"

शुक्रवार, मी म्हटलं.

"शुक्रवारी आन्दोंगच्या गाडीला गर्दी असते," ते म्हणाले. "तिकीट आधी काढून ठेवावं लागेल."